ह्युई हॉवरला धरवत नाही – पेडल गेली की सेटिंग? सल्ला हवा

भिरभिरं
नमस्कार मंडळी. डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ह्युई हेलिकॉप्टर (यूएच-१एच) शिकतोय. जॉयस्टिक थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम, रडर पेडल सेकंड हँड घेतलेली, बरीच जुनी. विमानं नीट उडतात, हेलिकॉप्टर मात्र अजिबात ऐकत नाही. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) उचलला की नाक गर्रकन उजवीकडे. डावं पेडल रेटलं की मधूनच अख्खं धूड कलंडतं. आणि पाय हलवला नाही तरी शेपूट थरथरते. नवी पेडल घ्यावी का? बजेट दहा-बारा हजार. घरात "अजून एक डबडं?" हा सूर आधीच लागलाय, तेव्हा विचारून घेतलेलं बरं.

तात्या_टेकऑफ
खरेदी थांबवा. ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यातलं पहिलं तर दुखणंच नाही.

ह्युईचा मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून धड उलट्या बाजूला वळू पाहतं, म्हणजे नाक उजवीकडे. कलेक्टिव्ह वर गेला की डावा पाय पुढे, खाली आला की तेवढाच मागे. दोन्ही एकाच वेळी, नाक वळल्यावर नव्हे. शिवाय शेपटीचा रोटर सगळ्या हेलिकॉप्टरला उजवीकडे ढकलत असतो, म्हणून हॉवरमध्ये (हवेत एका जागी थांबताना) स्टिक जराशी डावीकडे धरावी लागते आणि डावी स्किड (चाकांऐवजी असलेली दांडी) थोडी खाली राहते. ते तसंच दिसायला हवं, सरळ करायच्या मागे लागू नका.

कलंडण्याचं कारण जवळजवळ नक्की दुहेरी बाइंडिंग, म्हणजे एकाच कामाला दोन अक्ष जोडलेले. डीसीएसला नवं उपकरण दिसलं की ते आपणहून अक्ष वाटून मोकळं होतं. पेडलवरच्या पंजाच्या ब्रेकचे अक्ष बहुतेक वेळा एक्स आणि वाय म्हणून येतात आणि थेट सायक्लिकच्या, म्हणजे स्टिकच्या, रोल-पिचवर (कलंडणं आणि नाक वर-खाली) जाऊन बसतात. पाय रेटताना पंजा जरा दबला की झालं. कंट्रोल्समध्ये ह्युई निवडा, ॲक्सिस कमांड्स उघडा, पेडलच्या रकान्यात रडर सोडून सगळं पुसा. टी.१६०००एमची दांडी पिळली की तोही रडरच असतो, जॉयस्टिकच्या रकान्यातून तो काढा. मग उडताना उजवा कंट्रोल + एंटर दाबा, लाल चौकटीत स्टिक, पेडल, कलेक्टिव्ह कुठे आहेत ते दिसतं. एका वेळी एकच गोष्ट हलवून बघा, दुसरं काही हललं तर अजून काहीतरी राहिलंय.

निवांत_नाशिक
थरथरीबद्दल. सिम बंद करून विंडोजचं गेम कंट्रोलर्स उघडा, पेडलचे प्रॉपर्टीज बघा, पाय लावू नका. अक्षाची पट्टी तरीही नाचत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (पेडल कुठे आहे ते मोजणारा भाग) धुळीने भरलाय. जुन्या पेडलांत हे ठरलेलंच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो (पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड). पोटेन्शिओमीटरच्या फटीत थोडा मारायचा आणि पेडल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवायचं. बिजागरीला मारतात ते गंजाचं तेल नको, त्याचा थर राहतो आणि धूळ अजून चिकटते.
पट्टी मधेच गायब होऊन परत येत असेल तर मात्र यूएसबीचा घोळ. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्याची खूण काढा.

भिरभिरं
तात्या, रोलच्या ओळीत खरंच पेडल बसलं होतं! पुसलं, कलंडणं बंद. स्प्रे रविवारी आणतो. पण व्हिडिओंत सगळे पेडलला कर्व्हेचर २५ ठेवा म्हणतात, ते करू?

डब्लिनची_रेणू
पेडलला करू नका. कर्व्हमुळे अक्षाचा मधला भाग मऊ होतो आणि टोकं तिखट. विमानात पाय बहुतेक वेळ मधोमध असतात, तिथे ते चालतं. ह्युई हॉवरमध्ये असताना पाय मधोमध नसतातच, डावीकडे सरकलेले असतात. म्हणजे जिथे नाजूक हात हवा तिथेच कर्व्ह चढाला लागलेला. पेडल सरळ रेषेत ठेवा. डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा) स्प्रे मारेपर्यंत दोन-तीन, नंतर शून्य.

तात्या_टेकऑफ
पेडलबाबत सहमत, सायक्लिकबाबत नाही. खऱ्या सायक्लिकच्या मानाने ही दांडी वीतभर. १० ते १५ कर्व्ह दिला तर नवख्याचा हात सुसह्य होतो.

डब्लिनची_रेणू
चालेल, पण मग ट्रिम (स्टिकची आत्ताची जागा सिममध्ये धरून ठेवणं) वापरा, म्हणजे स्टिक मधोमध येते. स्प्रिंगच्या जॉयस्टिकला स्पेशल टॅबमध्ये सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड निवडा. ट्रिमचं बटण दाबून सोडलं की स्टिक मध्यावर आणेपर्यंत सिम नवा इनपुट घेत नाही. हा मोड नसेल तर ट्रिम आणि हात दोन्हींची बेरीज होते आणि हेलिकॉप्टर उडी मारतं. पेडलची स्प्रिंग निघत असेल तर काढा, खऱ्या हेलिकॉप्टरची पेडल पाय सोडला म्हणून मध्यावर येत नाहीत. स्प्रिंग काढलीत तर रडरचं ट्रिमही बंद ठेवा.

अनिलकाका६०
मला आपल्या वायुसेनेच्या एमआय-१७ सारखं काहीतरी उडवायचंय, म्हणून डीसीएसचं एमआय-८ बघतोय. हेच सेटिंग चालेल?

तात्या_टेकऑफ
काका, अक्ष तेच, पाय उलटा. त्याचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, कलेक्टिव्ह उचलला की उजवं पेडल. आपल्या चेतक-चीताचंही तसंच, मूळ फ्रेंच ना. ह्युईवरून थेट तिकडे गेलात तर पहिल्या टेकऑफला गिरकी ठरलेली. पायांचा कंटाळाच असेल तर केए-५० घ्या, एकावर एक उलटे फिरणारे दोन रोटर, शेपटीला रोटर नाहीच.

निवांत_नाशिक
भिरभिरं, पेडल फरशीवर सरकतात का? चाकाची खुर्ची असेल तर तीही मागे पळते आणि पायाला अंदाज येत नाही. पेडलखाली रबरी मॅट, आणि खुर्चीच्या दांड्यापासून पेडलपर्यंत दोरी ताणून बांधा. दिसायला गावठी, पण पक्कं.

भिरभिरं
सरकतात ना! दोरी आजच. आणि पुढेमागे घ्यायचीच झाली तर कुठली?

डब्लिनची_रेणू
फक्त हेलिकॉप्टरच उडवणार असाल तर व्हीकेबीची टी-रडर. पंजाचे ब्रेक नाहीत, स्किडवाल्या ह्युईला लागतही नाहीत, आणि सेन्सर बिनसंपर्काचे. विमानंही उडवता म्हणून मात्र पंजाचे ब्रेक असलेलीच बघा. किंमत आयात धरून तुमच्या बजेटबाहेर जाईल.

निवांत_नाशिक
आधी रविवारचा स्प्रे होऊ द्या. मारण्याआधी यूएसबी काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. पट्टी तरीही नाचली तर आतल्या पोटेन्शिओमीटरवर छापलेला आकडा इथे टाका, नुसता तेवढा भाग बदलता येतो.