मदत हवी आहे: शाळा व्यवस्थापन समितीच्या कारभाराची बाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी कशी मागावी?

नमस्कार. मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझी मुलगी तिथेच तिसरीत आहे.

शाळा चौथीपर्यंत, पट ५४. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एवढ्या पटाला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान येतं. त्याचा हिशोब मी सभेत एकदाही ऐकलेला नाही. आमच्याकडे सभा म्हणजे सही. एखादं पोर इतिवृत्ताची वही घेऊन दारात येतं, "काकू, सरांनी सही सांगितलीय" म्हणतं, आणि आपण हातातलं काम टाकून सही करतो. मीही न वाचता केल्या आहेत, ते लपवत नाही.

जुलैत मात्र वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणून बसले आणि मागची पानं उलटली. मार्चच्या एका सभेत "वॉटर फिल्टर खरेदीस सर्वानुमते मंजुरी" असं लिहिलंय, खाली माझं नाव आणि सही. त्या दिवशी मी बहिणीच्या बाळंतपणासाठी जिल्हा रुग्णालयात होते, तिच्या डिस्चार्ज कार्डावर तारखा आहेत. शिवाय मी सही करताना कधीच "सौ." लावत नाही. वहीत "सौ." आहे.

फिल्टर शाळेत नाही. मुलं घरून बाटल्या नेतात, त्या संपल्या की रस्ता ओलांडून हापशावर जातात. रंगकामाचंही बिल आहे, पण दोन वर्गांच्या भिंतींचे पोपडे तसेच आहेत. दोन्ही बिलं एकाच दुकानाची, आणि ते दुकान अध्यक्षांच्या घरातलं.

मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. चौकशी केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आली. त्यांनी मुख्याध्यापक आणि अध्यक्षांना शेजारी बसवून मला एकटीला बोलावलं. "ताई, गावातली भांडणं शाळेत आणू नका," म्हणाले. अहवाल आला: तक्रारीत तथ्य आढळत नाही. आता खरी गोष्ट ही की मार्चच्या त्याच सभेला मार्गदर्शक म्हणून खुद्द केंद्रप्रमुखांची सही आहे. ज्यांची सही त्या पानावर आहे त्यांनीच त्या पानाची चौकशी केली.

गावात बोलतात की मी शाळा बदनाम करते आहे. चार घरं पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतात. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. वीसच्या आत पट गेलेल्या शाळा बंद करण्याबद्दल काय बोललं जातं ते आपण ऐकतोच. माझ्या मुलीच्या बाईंनी तिला इतकं छान वाचायला शिकवलं आहे. शाळा टिकायला हवी, म्हणून तर हिशोब मागतेय.

चौकशी या साखळीच्या बाहेरच्या माणसाकडे जावी यासाठी कुणाकडे अर्ज करू? वही बदलली जाण्याआधी तिच्या प्रती कशा मिळवू? आणि ती सही माझी नाही, हे नोंदवायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यात चार वर्षं समितीचा अध्यक्ष होतो. आधी वही वाचवा. माहिती अधिकाराच्या अर्जात नुसत्या प्रती मागू नका, कलम २(ञ) खाली अभिलेखाचं अवलोकन मागा. इतिवृत्त, रोकडवही, बिलं आणि साठा नोंदवही समोर बसून बघायची आणि हव्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती घ्यायच्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मुदत ३० दिवस. साठा नोंदवही विसरू नका. फिल्टर खरंच आला असेल तर त्याची नोंद तिथे असणार.

सहीबद्दल नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा. मग अर्ज थेट जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. "भ्रष्टाचार झाला" असं लिहू नका. सही माझी नाही, वस्तू शाळेत नाही, चौकशी अधिकाऱ्यांची सही त्याच पानावर आहे, एवढंच लिहा, कारण या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. मागणीही नेमकी ठेवा: दुसऱ्या तालुक्याचा अधिकारी, सोबत वित्त विभागाचा एक माणूस, आणि जबाब अध्यक्षांसमोर नको. तिथेही काही झालं नाही तर लोकआयुक्तांकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते.

बदनामीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ गावात वाचून दाखवा. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत, आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम म्हणून त्यात लिहिलंय. पण एकट्या जाऊ नका. आणखी दोन सदस्य सोबत घ्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. अवलोकनाचा अर्ज सोमवारी देते.

सोबतीचं म्हणालात म्हणून काल दोघींच्या घरी जाऊन आले. एकीच्या नवऱ्याने नको सांगितलं. दुसऱ्या मावशी, नातवाच्या पालक म्हणून समितीवर आहेत, त्या तयार आहेत. त्यांना लिहिता येत नाही, त्या अंगठा करतात. मार्चच्या पानावर त्यांच्या नावापुढे मी जुलैत काढलेल्या पानाच्या फोटोत पुन्हा पाहिलं, तिथे सही आहे.

अंगठा करणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं, वाचून दाखवल्याची नोंद कुणी करायची, हे कुणी सांगेल का? मावशी बुधवारी तालुक्याला यायला तयार आहेत.