ग्वारिनीला उत्तर कुणी दिलं: १६०२ च्या अनामिकानं की फॅनशॉनं?

रानजाई
ग्वारिनीचं 'इल पास्तोर फिदो' हे मेंढपाळांचं इटालियन काव्यनाटक इंग्रजी पद्यात प्रथम छापलं गेलं १६०२ मध्ये. अनुवादकाचं नाव त्यावर नाही. सर एडवर्ड डायमॉक यांचा नातलग, एवढंच कळतं. सुरुवातीला कवी सॅम्युएल डॅनिएलचं डायमॉकना उद्देशून सुनीत आहे. त्यात तो एक आठवण सांगतो: ग्वारिनी आम्हा दोघांसमोर उत्तरेकडच्या लोकांना कमी लेखायचा, तुमच्या रांगड्या भाषांत पद्य जन्मणारच नाही म्हणायचा.

म्हणजे हा अनुवाद एका अपमानाचं उत्तर होता. तरीही कौतुक होतं ते रिचर्ड फॅनशॉच्या १६४७ च्या अनुवादाचं. मला हा अन्याय वाटतो. ग्वारिनीच्या ओळी अकरा आणि सात अक्षरांच्या, यमक त्याच्या मनाला येईल तिथे. अनामिकानं बहुतेक नाटक निर्यमक ठेवलं, त्यामुळे पात्रं बोलत आहेत असं वाटतं. फॅनशॉ मात्र जोडीजोडीनं यमकं जुळवत जातो. मूळ वाक्य पुढे वाहत असतं आणि हा मध्येच दार लावतो.

मात्रावृत्त
असहमत. उत्तर द्यावंसं वाटणं वेगळं, देता येणं वेगळं. इटालियन शब्द बहुतेक स्वरान्त, म्हणून यमक नसलं तरी ओळ गुंजते. इंग्रजीत यमक काढलं की ती गुंज जाते. फॅनशॉनं ती परत आणली. कवी जॉन डेनहॅमनं फॅनशॉवरच्या कवितेत म्हटलंय की इतर अनुवादक राख जपतात, तू ज्योत जपलीस.

शिवाय काळ बघा. १६४७, इंग्लंडमध्ये राजा आणि संसदेचं यादवी युद्ध, राजा कैदेत. फॅनशॉ राजपक्षाचा, अनुवाद युवराज चार्ल्सला अर्पण केलेला, आणि त्यात तो म्हणतो की हे तुमच्याच राज्यांचं चित्र आहे. नाटकातल्या आर्केडियाला दरवर्षी एका तरुणीचा बळी द्यावा लागतो. ते दुःख फॅनशॉला परकं नव्हतं.

रानजाई
डेनहॅमही राजपक्षाचाच. आणि त्याच कवितेत तो म्हणतो की फॅनशॉ मूळ कवीच्या अर्थाशी प्रामाणिक आहे, पण त्याच्या कीर्तीशी अधिक. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ओवीबद्ध
तुम्ही दोघंही इटालियन कवी तास्सोचं 'अमिन्ता' हे मेंढपाळांचंच नाटक विसरताय. अब्राहम फ्रॉन्सनं १५९१ मध्ये ते इंग्रजीत, लॅटिन वळणाच्या, लघुगुरूंवर बेतलेल्या सहा गणांच्या ओळींत बसवलं. त्या ओळींवरून नाटककार बेन जॉन्सननं त्याला मूर्ख ठरवलं. मला ते पटतं. आपल्या कानाला लघुगुरू सरावाचे, इंग्रजीचा कान आघातावर चालतो.

पण 'अमिन्ता'तलं सुवर्णयुगाचं समूहगीत डॅनिएलनं कसं केलं ते बघा. मूळ सुरुवात सात, सात, अकरा अक्षरांची. डॅनिएलची सहा, सहा, दहा. श्वास तोच, अर्थही ओळीला ओळ. आपण समश्लोकी, म्हणजे श्लोकाला श्लोक अनुवाद, म्हणतो ते हेच. वामनपंडितांनी गीतेची समश्लोकीही केली आणि ओव्यांत 'यथार्थदीपिका'ही लिहिली. दोन्ही कामं वेगळी आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ग्वारिनीचे बोल ज्यानं स्वतः ऐकले, त्या डॅनिएलनंच उत्तर दिलं, असं माझं मत.

मात्रावृत्त
सुंदर आहे ते, वादच नाही. पण ते एक गाणं. 'पास्तोर फिदो' पाच अंकांचं, सात हजारांच्या घरातल्या ओळींचं. तेवढा पल्ला एका चालीत निभावणं ही निराळी ताकद.

आणि फॅनशॉला मूळ घाट राखता येत नव्हता असं नाही. ज्या पोर्तुगीज कवी कामोइंशनं आयुष्यातली काही वर्षं आपल्या गोव्यात काढली, त्याचं 'लुसियाड' हे महाकाव्य फॅनशॉनं १६५५ मध्ये इंग्रजीत आणलं, तेही आठ ओळींच्या कडव्यांची यमकरचना सांभाळून. तेव्हा 'पास्तोर फिदो'तली जोडयमकं ही त्याची निवड होती.

रानजाई
'लुसियाड'चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मग माझा राग वाढतोच. मूळ घाट राखण्याची ताकद होती, आणि ग्वारिनीच्या वेळीच त्यानं ती वापरली नाही.