सायमन-गारफंकल: भाचीसाठी 'साउंड्स ऑफ सायलेन्स' घ्यावा का?

ठाण्याचा_मामा
मंडळी, सल्ला हवाय. भाची यंदा बारावी झाली. गिटार शिकतेय, क्लासमध्ये आत्ता कुठे फिंगरपिकिंग (एकेक तार बोटांनी छेडणं) सुरू झालंय. 'द साउंड ऑफ सायलेन्स' तिला तोंडपाठ आहे, पण ते डिस्टर्ब्ड या मेटल बँडचं, २०१५चं. मूळ गाणं पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या अमेरिकन जोडीने एका साध्या गिटारवर गायलंय म्हटलं तर तिला पटेना. त्यांच्याकडे नुकताच रेकॉर्ड प्लेअर आलाय, म्हणून वाढदिवसाला रेकॉर्डच द्यावी म्हणतो. १९६६चा 'साउंड्स ऑफ सायलेन्स' घेऊ की सरळ 'ग्रेटेस्ट हिट्स'? बजेट एकाच रेकॉर्डचं आहे.

जुनी_सुई
'साउंड्स ऑफ सायलेन्स'च घ्या. पण मामा, साध्या गिटारवरचं ते गाणं या अल्बमवर नाही बरं का! ते पहिल्या अल्बमवर, १९६४च्या 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.'वर आहे. तो अल्बम साफ आपटला. गारफंकल कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासाकडे वळला, सायमनने इंग्लंड गाठलं आणि तिथल्या फोक (लोकसंगीताच्या) क्लबांत एकटा गाऊ लागला. जोडी मोडल्यातच जमा होती.

इकडे बोस्टन आणि फ्लोरिडाकडच्या कॉलेजच्या पोरांनी रेडिओवर या एका गाण्याची फर्माईश लावून धरली. निर्माता टॉम विल्सनने ते हेरलं आणि जून १९६५मध्ये जुन्याच ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले. गायकांना विचारणं सोडाच, कळवलंसुद्धा नाही. सप्टेंबरात सिंगल (गाण्याची वेगळी छोटी रेकॉर्ड) निघालं आणि १ जानेवारी १९६६ला अमेरिकेत पहिल्या नंबरावर!

आता रेकॉर्ड कंपनीला अल्बम हवा, तोही लगेच. सायमन परत आला, डिसेंबरात बरीचशी गाणी उरकली आणि १७ जानेवारीला रेकॉर्ड बाजारात. विल्सन तोवर कंपनी सोडून गेलेला, म्हणून निर्माता बॉब जॉन्स्टन. एवढ्या घाईत नवी गाणी आणणार कुठून? अकरापैकी सहा सायमनने लंडनला 'द पॉल सायमन साँगबुक'साठी आधीच एकट्याने गाऊन ठेवली होती. 'समव्हेअर दे कान्ट फाइंड मी' म्हणजे तर पहिल्या अल्बमचं शीर्षकगीतच, नवे कपडे घालून आलेलं. ठिगळं दिसतात, आणि माझ्यासारख्याला ती दिसतात म्हणूनच हा अल्बम आवडतो.

भाचीला हेडफोन लावून शीर्षकगीताचं चौथं कडवं ऐकायला सांगा. मूळ गाणं काही मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) गायलेलं नव्हतं. त्यामुळे मधेच ड्रम आणि बेस किंचित मागे खेचले जातात, आवाजांशी जुळवून घेण्यासाठी. आपला तबलजी गायकाला सांभाळून घेतो ना, तसंच. फक्त इथे गायक खोलीत नव्हते, टेपवर होते.

अर्धा_सूर
सुईदादांनी गोष्ट झकास सांगितली, पण त्याच गोष्टीतून माझा मुद्दा निघतो. घाईत जमवलेला अल्बम पहिली भेट म्हणून कशाला? १९६८चा 'बुकएंड्स' द्या. त्याची पहिली बाजू तरी विचार करून रचलेली आहे. आणि 'वी'व्ह गॉट अ ग्रूव्ही थिंग गोइन' ही शुद्ध भरती आहे. सिंगलच्या मागच्या बाजूचं गाणं उचलून इथे टाकलंय.

जुनी_सुई
ग्रूव्हीबद्दल वाद नाही, तिथे मीही सुई उचलतो. 'बुकएंड्स' जास्त सुबक आहे, स्टुडिओतली कारागिरी जास्त, हेही मान्य. पण मुलगी गिटार शिकतेय, साउंड इंजिनिअरिंग नाही.

तर्जनी_मध्यमा
गिटारचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. (मी शिकवते.) पहिल्या बाजूचं शेवटचं 'अँजी' ऐका. शब्द नाहीत, फक्त सायमन आणि त्याची गिटार. मूळ धून डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारवादकाची. त्या काळात तिकडच्या फोक क्लबांत वाजवणाऱ्या पोरांना 'अँजी' येते की नाही यावर त्यांची पत ठरायची, म्हणजे सायमन इंग्लंडातून काय शिकून आला ते इथे उघड ऐकू येतं. अंगठा खालच्या सुरांची उतरती पायरी धरून बसतो, ए, जी, एफ, ई, आणि वरच्या तारांवर बोटं भलतंच काही बोलत असतात. गंमत म्हणजे तिच्या लगेच आधीचं 'समव्हेअर दे कान्ट फाइंड मी' याच धुनेवर उभं आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली की एखाद्या धुनेचं गाणं कसं होतं ते मुलांना न सांगता कळतं. माझ्या वर्गात मी हेच करते.

सुरुवातीला मात्र 'अँजी' नको, मुलं रडकुंडीला येतात. 'एप्रिल कम शी विल' घ्या. दोन मिनिटांच्याही आत संपतं, गारफंकल एकटाच गातो, गिटार स्वच्छ ऐकू येते.

कोपऱ्यातला
एक शंका. दुसऱ्या बाजूला 'रिचर्ड कोरी' आणि 'अ मोस्ट पिक्युलियर मॅन' लागोपाठ आहेत आणि दोन्हींत माणूस जीव देतो. वाढदिवसाची भेट म्हणून जरा जड नाही का?

जुनी_सुई
जड आहेच. पण बारावी झालेल्या मुलीला झेपेल असं वाटतं. 'रिचर्ड कोरी' मुळात एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सनची १८९७ची कविता. सायमनने ती जशीच्या तशी घेतली नाही. श्रीमंत कोरीच्या कारखान्यात राबणारा कामगार त्याने निवेदक केला आणि शेवट कळल्यावरही तो कामगार म्हणतो, मला कोरीच व्हायचंय. तो काटा मूळ कवितेत नाही. दुसरं गाणं लंडनच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीवरून सुचलेलं. मामा, एकदा आधी तुम्ही ऐका आणि ठरवा.

ठाण्याचा_मामा
ऐकतो आज रात्री. 'ग्रेटेस्ट हिट्स' बाद. जुनी रेकॉर्ड घेऊ की नवी छापलेली?

अर्धा_सूर
माझा 'बुकएंड्स' हरला, तरी सांगतो. जुनी घेणार असाल तर दुकानात तिरक्या उजेडात धरून बघा आणि 'कॅथीज साँग' लावून मागा. एक गिटार, एक आवाज. चरचर असेल तर लपायला जागाच नाही. त्या काळची ब्रिटिश प्रत सापडली तर सोडू नका, तिच्यावर 'होमवर्ड बाउंड' आहे. अमेरिकेत ते गाणं पुढच्या अल्बमवर गेलं. पण हा शौक तुमचा झाला, भाचीला नवीच द्या. नव्या प्लेअरची सुई जुन्या चऱ्यांवर कशाला झिजवायची!

ठाण्याचा_मामा
नवी घेतो. पहिल्या अल्बमवरचं मूळ गाणं तिला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, म्हणजे रेकॉर्डवरचे ड्रम ऐकून 'मामा, फसवलंस' म्हणायला नको. 'बुकएंड्स' दिवाळीला. ताई, 'अँजी'चा सोपा टॅब (कुठल्या तारेवर बोट कुठे ते दाखवणारी लिपी) कुठला?

तर्जनी_मध्यमा
टॅब राहू दे आत्ता. आधी आठवडाभर नुसता अंगठा चालव म्हणावं, ए, जी, एफ, ई, टीव्ही बघता बघतासुद्धा. वरची बोटं मोकळी ठेवायची. अंगठा आपोआप चालायला लागला की मला इथेच विचारा, पुढचं सांगते.