‘अकस्मात’, ‘घातपात’ आणि ‘म्हणे’ : घरातल्या मृत्यूविषयी बोलताना

प्रश्न : एक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

मी नववीच्या वर्गाला मराठी शिकवते. काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत एका तरुण बाईचा तिच्या राहत्या घरी मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी दहा-बारा ओळींची बातमी आली. मथळ्यात ‘घातपाताचा संशय’ होता, मजकुरात ‘संशयास्पद मृत्यू’ होता आणि शेवटच्या ओळीत, सोलापूरच्या वाचकाला पाठ झालेल्या शब्दांत, अकस्मात मृत्यू म्हणून सिव्हिल पोलीस चौकीत नोंद झाल्याचे लिहिले होते. वर्गातल्या एका मुलाने ते कात्रण आणून मला विचारले, “बाई, या तिन्हींतले खरे कोणते?” मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, म्हणून ही चर्चा सुरू करत आहे.

त्याच दिवशी कानावर पडलेली आणखी एक गोष्ट नोंदवते. दुपारी आमच्या शेजारच्या ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात. त्या दिवशी पाने कातरता कातरता एकजण तेलुगूत म्हणाली, ‘चनिपोयिंदट’. दुसरी कन्नडमध्ये म्हणाली, ‘सत्तळंते’. तिसरी म्हणाली, ‘गेली म्हणे’. तेलुगूतला ‘अट’, कन्नडमधला ‘अंते’ आणि मराठीतला ‘म्हणे’ एकच काम करतात : हे मी पाहिलेले नाही, माझ्या कानावर आलेले आहे, एवढे ते ऐकणाऱ्याला सांगतात. दखनी बोलणाऱ्या आमच्या शेजारणी यासाठी ‘कते’ म्हणतात. एकाच ओट्यावर चार भाषांनी एकच सावधगिरी बाळगावी, याचे मला फार अप्रूप वाटले. परंतु तासाभराने ‘म्हणे’ गळाले आणि ‘नवऱ्यानेच केले असणार’ असे वाक्य ऐकू आले. दिवेलागणीला मी पाणी भरायला बाहेर आले तेव्हा ‘असणार’ही गळाले होते आणि ‘नवऱ्याने मारली’ एवढेच उरले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवी माहिती कोणालाही मिळालेली नव्हती. बदलले होते ते फक्त क्रियापद.

उत्तर : एक निवृत्त ठाणे अंमलदार

बाई, आपल्या विद्यार्थ्याला सांगावे की शेवटची ओळ खरी होती, पण तिचा अर्थ लोक चुकीचा लावतात. ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणजे पोलिसांनी तो अपघात ठरवून प्रकरण गुंडाळले, असे मी नोकरीभर ऐकत आलो. मृताचे नातेवाईक ठाण्यात येऊन याच एका शब्दावरून भांडत असत आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही भांडलो असतो, कारण या नोंदीला ठाण्यात म्हणतात त्या ‘ए. डी.’ (ॲक्सिडेंटल डेथ) या इंग्रजी आद्याक्षरांमागे खरोखरच अपघाताचा शब्द आहे. प्रत्यक्षात ही नोंद म्हणजे चौकशीची सुरुवात असते. आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून झालेला मृत्यू, प्राण्यामुळे, यंत्रामुळे किंवा अपघाताने आलेला मृत्यू आणि कोणीतरी गुन्हा केला असावा असा रास्त संशय घेण्याजोगा मृत्यू, हे सगळे एकाच कलमाखाली येतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, गरज पडली तर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो आणि तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील आणि स्त्रीने आत्महत्या केली असेल किंवा तिच्या मृत्यूत संशयाला जागा असेल, तर शवविच्छेदन करून घेणे पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले नाही. यातून गुन्हा दिसला की त्याच कागदावरून गुन्हा दाखल होतो.

‘संशयास्पद’ हे विशेषण ठाण्याच्या भाषेत मृत्यूला लागते, माणसाला नाही. माणूस असतो ‘संशयित’. बातमी वाचणारा मात्र ‘संशयास्पद मृत्यू’ वाचून लगेच संशयित कोण ते शोधू लागतो.

उत्तर : एक संस्कृतचे प्राध्यापक

‘अकस्मात’ या शब्दातच वरील खुलासा दडलेला आहे. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, का. त्याला नकाराचा ‘अ’ लागला की ‘अकस्मात्’, म्हणजे ज्याचा ‘का’ हाती नाही असे. आज आपण तो ‘एकाएकी’ या अर्थाने वापरतो आणि पाहुणाही अकस्मात येतो, पाऊसही अकस्मात येतो, त्यामुळे त्यातला प्रश्न आपल्याला ऐकू येत नाही. ठाण्याच्या नोंदवहीत तो शब्द अजूनही त्याच्या मूळ अर्थाजवळ उभा आहे, आणि पुढची सगळी चौकशी त्या ‘कस्मात्’चाच शोध घेत असते.

‘घातपात’ मात्र वेगळ्या जातीचा आहे. ‘घात’ म्हणजे प्रहार, नाश. मराठीत तो ‘पावसाने घात केला’, ‘विश्वासघात झाला’ असा भरवशाच्या ठिकाणाहून बसलेल्या तडाख्यासाठी येतो. त्याला ‘पात’ जोडला की कोणाच्या तरी छुप्या हाताची छाया येते, म्हणूनच रेल्वेचे रूळ उखडलेले आढळले तरी ‘घातपाताची शक्यता’ असेच आपण लिहितो. ‘खून’ म्हटले की ‘कोणी केला?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. ‘घातपात’ नुसता ‘होतो’, त्याला कर्ता लागत नाही. आरोप करायचा आहे आणि नाव घ्यायचे नाही, अशा वेळी हा शब्द सोयीचा पडतो. पण चार भिंतींच्या आत दोनच माणसे राहत असतील, तर नाव न घेताही नाव घेतले जाते.

उत्तर : एक उपसंपादक

मथळे मी लिहितो, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ‘घातपाताचा संशय’ आम्ही लिहितो तेव्हा पुष्कळदा तो संशय माहेरच्यांचा असतो, आणि एका स्तंभाच्या मथळ्यात ‘माहेरच्यांचा आरोप’ हे शब्द मावले नाहीत की संशय कोणाचा हे नाहीसे होऊन तो सगळ्या गावाचा होतो. हे मला खुपते. आता मी मथळ्यात ‘संशय’ घेतला तर पहिल्याच वाक्यात तो घेणारा कोण ते सांगतो.

दुसरी अडचण क्रियापदांची आहे. ‘गळफास घेतला’ लिहिले की आत्महत्या ठरली. ‘मृतावस्थेत आढळली’ लिहिले तर काहीच ठरत नाही. विषाच्या बाबतीत तर एकाच प्रयोगशाळेच्या अहवालातून आम्ही तीन गोष्टी तयार करतो. ‘विषबाधा’ म्हटले की नकळत पोटात गेले, ‘विषप्राशन’ म्हटले की स्वतः घेतले आणि ‘विषप्रयोग’ म्हटले की दुसऱ्याने दिले. अहवालात फक्त विष कोणते ते असते, ते कोणाच्या हाताने गेले ते नसते.

‘घरगुती कारणावरून’ हा शब्दप्रयोग मी टाळतो. घरगुती मसाला, घरगुती लोणचे, घरगुती गणपती या आपुलकीच्या ओळीत मारहाण नेऊन बसवली की ती चार घरी चालते तशी किरकोळ बाब वाटू लागते. २००५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘कौटुंबिक हिंसाचार’ आहे, तोच शब्द योग्य आहे.

पुरवणी : गणवेश शिवण्याच्या व्यवसायातील एक वाचक

‘संशयाची सुई पतीकडे वळली’ हे वाक्य मला नेहमी अडखळवते. आमच्या कारखान्यात दिवसभर सुया चालतात आणि त्यातली एकही कोणाकडे वळत नाही. घड्याळात किंवा वजनकाट्यावर फिरतो त्याला मराठीत काटा म्हणतात. हिंदीत घड्याळाच्या काट्याला सुई म्हणतात, तिथून ही सुई आपल्याकडे आली असणार. मराठीत संशयाचे बोट असते, आणि बोट म्हटले की ते रोखणारा हातही आठवतो.

उत्तर : सोलापूर न्यायालयात वकिली करणारे एक वाचक

उपसंपादकांनी विषाच्या तीन शब्दांचा मुद्दा काढला, त्यावर एक निकाल सांगतो. १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. विष कोणते याविषयी वाद नव्हता. ते तिने घेतले की तिला दिले गेले, हा वाद होता. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे त्या निकालात एकत्र मांडली आहेत आणि न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटले आहे. त्यांतले पहिले तत्त्व शब्दचर्चेचेच आहे. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती ‘सिद्ध झालेलीच असली पाहिजे’, ‘सिद्ध होऊ शकेल’ एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच १९७३ च्या एका खटल्याचा आधार घेतला, ज्यात ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांच्यातले अंतर लांबचे आहे आणि ते धूसर तर्काला पक्क्या निष्कर्षापासून वेगळे करते, असे म्हटलेले आहे.

शिक्षिकाबाईंनी ओट्यावर ऐकले ते हेच अंतर होते. मराठीत त्याच्या पायऱ्या बारीक आहेत. ‘त्याने केले असेल’ यात आपण दार उघडे ठेवतो. ‘केले असावे’ म्हणताना काहीतरी पाहून अंदाज बांधलेला असतो. ‘केले असणार’ म्हणताना अंदाजाची खात्री झालेली असते, पुरावा मात्र वाढलेला नसतो, आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याची पायरी हीच आहे, कारण तिच्यावर उभे राहून माणसाला आपण शेवटच्या पायरीवर आहोत असे वाटते. त्यानंतर ‘केले’. उलटतपासणीत साक्षीदाराला याच पायऱ्यांवरून खाली आणताना माझी निम्मी शक्ती खर्च होते.

याचा अर्थ बंद दाराआड घडलेल्या गोष्टीविषयी कायदा हात टेकतो असा नाही. एखादी गोष्ट विशेषकरून एकाच माणसाला ठाऊक असेल तर तिचा खुलासा त्याने करायचा असतो. पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ मधला हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. मात्र आधी सरकार पक्षाने आपली बाजू प्रथमदर्शनी उभी करावी लागते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवता आले, तर हुंडाबळीचे गृहीतक लागू होते. आज ते भारतीय न्याय संहितेचे कलम ८० आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे कलम १०८ मध्ये आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. ‘घातपात’ कोणत्याही कलमात नाही.

‘आरोपी’ शब्दाविषयीही सांगायला हवे. रोग ज्याला आहे तो रोगी, तसा ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. गल्लीत मात्र त्याचा अर्थ ‘ज्याने केले तो’ असाच होतो. नोएडातील २००८ च्या खटल्यात, जिथे एक मुलगी आणि घरचा नोकर मारले गेले होते, आईवडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. मग कोणी केले, या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. उत्तर नसलेल्या प्रश्नाच्या जागी जवळचे नाव ठेवून द्यायची घाई भाषेने करू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. फळ्यावर मी ‘असेल, असावे, असणार, केले’ या चार पायऱ्या लिहिल्या आणि मुलांकडून प्रत्येकीची वाक्ये करून घेतली. ‘अकस्मात’ची फोड करून दाखवली तेव्हा कात्रण आणणारा मुलगा म्हणाला, “म्हणजे त्यांनी ‘का’ची जागा रिकामी सोडली आहे.” याहून चांगला अर्थ मी सांगू शकले नसते.

एक शब्द राहिला. पुरुष मरण पावला तर बातमीत तो तरुण, कामगार किंवा शेतकरी असतो. बाई ‘विवाहिता’ असते, आणि पंचनाम्यात ‘मयत’. सात वर्षांच्या नियमासाठी तिचे लग्न मोजावे लागते हे वकीलसाहेबांमुळे समजले, तरी जिने त्या ओट्यावर बसून रोज विड्या वळल्या तिला ‘विडी कामगार’ म्हणायला कोणालाच सुचले नाही, याचे वाईट वाटते.

मागच्या आठवड्यात पोलीस त्या ओट्यावरच जबाब घेण्यासाठी आले होते. सोबत महिला अंमलदार होत्या. त्यांनी प्रत्येकीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, “तुम्ही पाहिले की ऐकले?” जी सर्वांत ठामपणे ‘नवऱ्याने मारली’ म्हणत होती, ती नंतर सूप बाजूला ठेवून मला सांगत होती, “बाई, रात्री भांडे पडल्याचा आवाज ऐकला, एवढेच लिहून दिले. मग माझ्या लक्षात आले, मला एवढेच माहीत होते.”