अडीच महिन्यांच्या बाळाला ताप, मोठीचं सिरप दिलं तर चालेल का?

परीची_मम्मी:
आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. बाळ अडीच महिन्यांचं, वजन साडेचार किलो. काल पेंटा लसीचा (पाच आजारांवरची एकत्र लस) दुसरा डोस झाला, मांडी जरा सुजलीय आणि रात्री १००.८ ताप होता. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स लिहून दिलेत पण घरात मोठीचं सिरप आहे, त्याच्यावर पण पॅरासिटामॉलच लिहिलंय, तर सासूबाई म्हणतात औषध एकच आहे की, अर्धा चमचा पाज. शेजारच्या काकूंकडे अजून एक सिरप आहे, म्हणे त्यानं ताप झटक्यात उतरतो. काय करू?

मेडिकलवाला_जुळेसोलापूर:
ताई, औषध एक पण ताकद वेगळी. ड्रॉप्स बहुतेक १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, सिरप ५ मिलीत १२५ नाहीतर २५०. म्हणजे सिरपच्या हिशोबानं अर्धा चमचा, अडीच मिली, चुकून ड्रॉप्सच्या बाटलीतून दिला तर थेट २५० मिग्रॅ! साडेचार किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ४५ ते ६५ मिग्रॅच बसतं (किलोला १० ते १५). त्यामुळं डॉक्टरांनी जी बाटली लिहिली तीच, त्यातल्याच ड्रॉपरनं, त्यांनी सांगितलं तेवढंच. घरच्या चमच्यानं अजिबात नको, दुकानात रोज बघतो, एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो.

अनघा_वहिनी:
काकूंच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाच गं. आयबुप्रोफेन असेल तर सहा महिन्यांच्या आत नको, मेफेनॅमिक असेल तरी तेच. निमेसुलाइड असेल तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदीच आहे, तरी कपाटात जुन्या बाटल्या निघतात बघ. आणि अॅस्पिरिन लहान मुलांना नाहीच, त्यानं लिव्हर आणि मेंदूला त्रास होऊ शकतो, रे सिंड्रोम म्हणतात त्याला.

होटगीरोडकर:
एवढं घाबरवू नका, लस झाल्यावर ताप येतोच, आमच्या दोघांना पण आला होता, एक-दोन दिवसात गेला.

अनघा_वहिनी:
येतो की, कोण नाही म्हणतंय. पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे, १००.४ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन करायचाच, लस झाली असली तरी. आणि लस नसताना ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो पण आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. दूध सोडलं, सुस्त पडलं, श्वास जोरात चालला, झटका आला तर रात्री दोनला पण निघायचं.

आणि सोलापूरचा उन्हाळा आहे हा! बाहेर ४२-४३ आणि आपल्याकडं बाळाला टोपी, मोजे, वर दुपटं. आधी ते काढ, पंखा लाव, दहा मिनिटांनी परत ताप मोज. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नको, बाळ थडथड कापतं.

परीची_मम्मी:
दुपटं होतंच अंगावर 🙈 काढलं. आता ९९.६ आहे, दूध पण पितंय. डॉक्टरांना फोन केला, ताप परत चढला तर ड्रॉप्स दे म्हणाले आणि उद्या दाखवायला बोलावलंय. एक विचारायचं राहिलंच, औषध पाजल्यावर लगेच ओकलं तर परत द्यायचं का?

मेडिकलवाला_जुळेसोलापूर:
मनानं नको, किती आत गेलं ते कळत नाही. परत फोन करून विचारा. आणि डोस दिला की वेळ फोनमध्ये टाकून ठेवा, नाहीतर तुम्ही दिलेलं सासूबाईंना माहीत नसतं आणि तासाभरात दुसरा डोस जातो. क्रोसिन, कॅल्पॉल नाव काहीही असू दे, आत पॅरासिटामॉलच आहे, दोन्ही मिळून एकच धरायचं.