मुलीचं नाव अहिल्या ठेवावं का? इंदूरकरांनो, मत द्या

रामबागची सून
नमस्कार मंडळी. मुलगी झालीये, आज आठवा दिवस, रविवारी बारसं आणि नावावरून घरात दोन तट पडलेत. रोहिणी नक्षत्राचं पहिलं चरण आहे म्हणून अक्षर आलं 'ओ', आणि मी तर नववा लागल्यापासून ओवी हेच नाव मनात धरून बसलेय, मला वाटलं चला, देवानेच जुळवून दिलं. पण सासूबाई म्हणतात की नावरस नाव पत्रिकेत राहू दे, हाक अहिल्याच मारायची, आपण इंदूरचे, आणि २०२५ ला अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, यापेक्षा चांगलं नाव कुठून आणणार.

माझा विरोध आहे आणि तो बाईंना नाही हे आधीच सांगते. इथे विमानतळ त्यांच्या नावाचं, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. पोरीने शाळेत साधी वही हरवली तरी बाई म्हणणार, नाव अहिल्या आणि असा कारभार? दुसरं म्हणजे त्यांचं आयुष्य आठवून बघा ना. १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ ला सासरे मल्हारराव, लगेच पुढच्या वर्षी मुलगा मालेराव, आणि १७९१ ला मुलगी मुक्ता सती गेली. एवढं सोसून त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं, देशभर घाट, मंदिरं बांधली, मी हात जोडते. पण आठ दिवसांच्या जिवाला त्या नावाने हाक मारायला गेले की डोळ्यापुढे ती हातात पिंडी घेतलेली तसबीरच येते, माझी मुलगी येत नाही.

जुना इंदुरी
ताई, मी सासूबाईंच्या बाजूने. तुमची पोरगी घरात मराठी बोलेल, बाहेर दिवसभर हिंदी, मोठी झाल्यावर मराठी किती उरेल कोण जाणे. आपल्याकडची तिसरी-चौथी पिढी तर मराठी वाचतही नाही, माझा नातू वाचत नाही म्हणून सांगतो. ओवी म्हटलं की इथे विचारतील, ये ओ वी क्या है, पूरा नाम बताओ. अहिल्या म्हटलं की सराफ्यातला जिलेबीवाला सुद्धा 'माँ अहिल्या' म्हणतो. या शहरात दुसरं कुठलं मराठी नाव आहे की ज्याला हिंदीवाले स्वतःहून आई म्हणतात? तुम्ही हातात आलेलं सोडताय.

बडोद्याची मावशी
मला तर अहिल्या म्हटलं की आधी रामायणातली आठवते. फसवलं इंद्राने आणि शिळा झाली ती. असं नाव लेकीला द्यायला माझं मन धजणार नाही. आणि घराण्यांच्या नावांचं म्हणाल तर आमच्या बडोद्यात बघा, सयाजीराव मूळचे कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ ला दत्तक आले आणि नाव बदललं. त्यांची पहिली राणी लक्ष्मीबाई, दुसरी गजराबाई, लग्नानंतर दोघीही चिमणाबाई! दोन वेगळ्या बाया आणि नाव एकच, कारण ते गादीचं नाव होतं. तुमच्या सासूबाईही गादीचंच नाव देतायत असं मला वाटतं.

जुना इंदुरी
मावशी, पंचकन्यांचा श्लोक आपल्या आज्या रोज सकाळी म्हणायच्या, त्यात पहिलं नाव अहल्येचंच आहे. आणि १७२५ ला बाईंच्या वडिलांना, चौंडीच्या माणकोजी शिंद्यांना, रामायण माहीत नव्हतं का? तरी ठेवलं ना. आज इंदूरमध्ये शंभर जणांना विचारा, शिळा एकाला आठवणार नाही. त्या बाईने त्या नावावरचा शाप पुसून टाकला.

रामबागची सून
काका, हेच तर माझं म्हणणं आहे! चौंडीत ते एका पाटलाच्या मुलीचं साधं नाव होतं, कोणी तिला सांगितलं नव्हतं की तुला अमुक एकीसारखं व्हायचंय. नाव मोठं तिने केलं. माझ्या मुलीला पण तेवढी मोकळी जागा द्या ना, तिला मोठं होऊन नुसती घरी बसून चित्रं काढायची असतील तर तेही त्या नावात मावलं पाहिजे.

ऋ वाली
मी जरा व्यवहाराचं बोलते. माझं नाव ऋ पासून, घरी रु, शाळेत रि, मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. पासपोर्टच्या वेळी शपथपत्रं करून दमले. ज्ञ चं तसंच, आपण द्न्य म्हणतो, इथे ग्य. ळ तर हिंदी कागदावर ल च होतो. ओवी आणि अहिल्या दोन्ही या त्रासातून सुटतात, इंग्रजी स्पेलिंग मात्र आजच एक ठरवून टाका. जन्माची नोंदणी २१ दिवसांत करायची असते पण नाव कोरं ठेवता येतं, १२ महिन्यांत फी न देता भरून मिळतं, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. म्हणजे रविवारच्या आत भांडण मिटलंच पाहिजे असं नाही. पण ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच जन्माचा दाखला लागणार आहे, तेव्हा एकदा लिहाल ते पक्कं.

ग्वाल्हेरचा मामा
आमच्याकडे इंग्रजांच्या काळातल्या माधवराव महाराज शिंद्यांनी मुलाचं नाव ठेवलं जॉर्ज जिवाजीराव आणि मुलीचं मेरी कमलाराजे, इंग्लंडच्या राजाराणीवरून. आज ग्वाल्हेरात जिवाजी विद्यापीठ आहे, कमलाराजा हॉस्पिटल आहे, जॉर्ज आणि मेरी कोणाच्या तोंडात नाहीत. लोकांच्या तोंडी बसेल तेच नाव टिकतं, म्हणून अहिल्या इंदूरमध्ये टिकेल हे काकांचं खरं आहे. पण ताई, तुम्ही ओवीला मोकळी जागा म्हणताय ते मला पटलं नाही. १२९० ची ज्ञानेश्वरी ओवीत आहे, हे ओझं होळकरांपेक्षा जुनं.

रामबागची सून
मामा, यावर रात्रभर विचार केला, तुमचं बरोबर आहे, रिकामं नाव कुठलंच नसतं. पण ज्ञानेश्वरीच्या आधी माझ्या मनात येते ती जात्यावरची ओवी. माझ्या पणजीला अक्षर ओळखत नव्हतं, पण दळताना ती स्वतःच्या ओव्या जुळवायची, भाऊ, माहेर, पाऊस, जे मनात येईल ते, आणि चुकली तर पुढच्या फेऱ्याला बदलायची. अशा किती बायकांनी जुळवल्या, एकीचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. माझ्या मुलीला ओवी म्हटलं तर तुलना कुणाशी करणार?

गुरुजी म्हणाले नामकरणात तशीही चार नावं असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. तर सासूबाईंना सांगितलंय, आत्याबाई कानात कुर्रर्र करतील त्यानंतर तुम्ही अहिल्या म्हणा, मी अडवणार नाही. दाखल्यावर आणि हाकेला ओवीच. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीयेत, पण सकाळी अंगाई म्हणताना नुसतं 'बाळा, बाळा' म्हणत होत्या, अहिल्या म्हणाल्या नाहीत.

जुना इंदुरी
मला नाही पटलं. माझं मत सासूबाईंच्याच बाजूला धरा.