टुटू आडवा राहतच नाही, काय चुकतंय?

शिवणबाय_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्यात बावीस वर्षं शिवणकाम करते. भरतनाट्यमचे पंखे, दशावताराचे झगे, ख्रिस्ती लग्नांतले पांढरे गाऊन, सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे थोडी गुर्मी होती म्हणा. भाचीच्या डान्स क्लासने स्नेहसंमेलनासाठी टुटू, म्हणजे बॅले नाचाचा घेर, सांगितला. मोबाइलवर फोटो दाखवला, बशीसारखा सपाट घेर. म्हटलं, जाळीचा घेरच ना, त्यात काय मोठं!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बारा मीटर कॅनकॅन, म्हणजे कडक जाळीचं कापड, आणलं. कडक वाटत होतं, तरी सवयीने धुऊन घेतलं. सहा थर चुणून कमरेच्या पट्टीला लावले. टेबलावर ठेवला तर झकास. पोरीने घातला आणि सगळा घेर खाली, भिजलेल्या कोंबडीसारखा. भाची आरशात बघून म्हणाली, "मावशी, हा तर परकर."

तर दोन प्रश्न. एक, तो आडवा राहतो कसा? आणि दोन, नाचणाऱ्या बाईच्या कमरेला असलं ताट बांधायची कल्पना मुळात निघाली कुठून?

उसवलेला_दोरा

बाय, दोन चुका झाल्या. जाळी धुतली ही पहिली. तिचा कडकपणा खळीचा असतो, पाण्यात गेला की गेला. आपल्या पावसात तर न धुताही जाळी मऊ पडते, पापडासारखी.

दुसरी मोठी. टुटू कमरेला लावत नाहीत. कमरेपासून नितंबापर्यंत अंगाला घट्ट बसणारी एक पट्टी असते, तिच्याखाली चड्डी, आणि थर त्या चड्डीवर शिवायचे. सुरुवात खालून. सगळ्यात खालचा थर जेमतेम दोन-तीन बोटं रुंद, त्याच्यावरचा थोडा जास्त, असं करत सगळ्यात वरचा सगळ्यात लांब. खालचा प्रत्येक थर वरच्याला टेकू देतो. दहा-बारा थर धरा. मग सगळे थर एकमेकांना हातानेच सैल टाके घालून अडकवायचे. ओढून घातलात तर घेर आकसतो. मोठ्यांच्या टुटूत मधल्या एका थरात गोल तारही ओवतात, लहान मुलीला नको. आणि ठेवताना उलटा टांगा.

शिवणबाय_फोंडा

खालून वर! आणि मी बावीस वर्षं घेर कमरेतूनच सोडत आले. रात्री उसवायला बसते. दुसऱ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

जुना_प्रेक्षक_पणजी

एकाच दिवशी निघालेली कल्पना नाही ती, पायांसाठी घेर वर वर सरकत गेला. 1730च्या सुमारास पॅरिसमध्ये मारी कामार्गो नावाची नर्तकी होती. हवेत उडी मारून पावलांची कैची करायची, पण पायघोळ झग्यात ते दिसणार कोणाला? तिने झगा घोट्याच्या वर घेतला. लोकांनी नाकं मुरडली ती मुरडलीच.

मग 12 मार्च 1832. पॅरिस ऑपेरात मारी तालिओनी 'ला सिल्फीद' या बॅलेत वनपरी झाली. पांढऱ्या तलम कापडाचा, पोटरीपर्यंतचा, घंटेसारखा घेर. रंगमंचावर गॅसचे दिवे आलेले होते. ते मंद केले की चांदणं पडल्यासारखं व्हायचं आणि तो घेर त्यात तरंगायचा. चवड्याच्या टोकावर उभं राहणं तोवर कसरतीत जमा होतं, ते या वेषामुळे परीचं चालणं वाटायला लागलं. जाळी यंत्रावर विणण्याचा शोध 1808 सालचा, म्हणून पुढे थरावर थर परवडले.

त्याच गॅसने घातही केला. 1862च्या नोव्हेंबरात तालमीच्या वेळी एमा लिव्री या नर्तकीचा घेर दिव्याला लागून पेटला. आठ महिने तळमळून गेली, वय वीस. आग लागू नये म्हणून कपडे रसायनात बुडवायची सक्ती आधीच झाली होती. पण त्याने कापड ताठ आणि पिवळट पडायचं, म्हणून तिनेच ते नाकारलं होतं. हे वाचल्यापासून 'पांढरा शुभ्र' हा शब्द मला पूर्वीसारखा वापरता येत नाही.

तुमची बशी त्यानंतरची. 1885 साली सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या इटालियन व्हर्जिनिया झुक्कीने आखूड घेराचा हट्ट धरला. 1895च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. मांडीपर्यंत पाय मोकळा असल्याशिवाय त्यांची मजा काय?

टुटू हा शब्द फ्रेंच बाळबोलीतल्या ढुंगणाच्या शब्दावरून आला असं मानतात. क्लासच्या बाईंना सांगू नका.

सत्तरीकर

आमच्या घोडेमोडणीच्या नाचात कमरेला खोटा घोडा बांधतात, तो बांधून मी नाचलोय. स्वतःची पावलं दिसत नाहीत आणि शेजारच्याला घोडा लागला की दोघांचा तोल जातो. टुटूवाल्यांचंही तसंच होत असणार?

उसवलेला_दोरा

अगदी तसंच. जोडीदाराला हातभर मागे राहून कमर धरावी लागते, हात सरळ खाली सोडता येत नाहीत. तारेच्या टुटूला शेजारणीचा धक्का लागला की एक बाजू खाली, दुसरी वर. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये बारबरा कारिन्स्का या वेषभूषाकार बाईने तारच काढून टाकली आणि थर कमी करून पावडरच्या पफसारखा मऊ टुटू केला. नाच बसवणाऱ्या बॅलन्शिनच्या बॅलेत गर्दी आणि वेग, तिथे बशा आपटून चालणार नव्हतं.

जुना_प्रेक्षक_पणजी

सत्तरीकरांमुळे आठवलं. 1877चा 'ला बायादेर' हा बॅले देवळातल्या नर्तकीवर आहे. त्यात पांढऱ्या टुटूतल्या छाया एकामागून एक उतारावरून उतरतात. 'बायादेर' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'बायलादेइरा'वरून आलाय, आणि पोर्तुगीज आमदानीत आपल्या देवळांतल्या कलावंतिणींना कागदोपत्री तेच म्हणायचे. शब्द इथूनही गेला, साडी मात्र वाटेत कुठेतरी राहिली.

शिवणबाय_फोंडा

झाला! नवी जाळी, न धुता. सगळ्यात खालचा थर दोन बोटांचा, तो चड्डीला लावताना सुई तीनदा अंगठ्यात गेली. आठव्या थरापर्यंत काहीच दिसेना, रडकुंडीला आले. दहावा लावला आणि घेर आपणहून वर उचलला. खोटं नाही, मी मशीनवरून उठून उभी राहिले.

आता पडवीत उलटा टांगलाय. शेजारीण विचारून गेली, मखराचं काम घेतलंस का म्हणून. आणि भाची स्कूटरवर मागे बसून जाणार आहे, त्याचं काय करायचं ते कोणीतरी सांगा.